चिनी छंगयू: शाबासकी कुठली, टोमणा कुठला?

गेल्या महिन्यात याच पानावर छंगयूंबद्दल थोडंसं लिहिलं होतं. छंगयू म्हणजे चिनी भाषेतले ठरीव वाक्प्रचार. बहुतेक चार अक्षरांचे, आणि पुष्कळांच्या पोटात एखादी जुनी गोष्ट, कवितेची ओळ नाहीतर कुणाचं तरी वचन दडलेलं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतला सूर साधारण एकच होता: अर्थ तर चांगला दिसतोय, मग चिनी माणसाचा चेहरा का पडतो? निवडक पत्रांना इथे उत्तरं देते. उच्चार देवनागरीत जमतील तसे लिहिले आहेत. स्वरांचे चढउतार कागदावर येत नाहीत, ते ऐकूनच शिकायचे.

चाकणच्या एका चिनी मालकीच्या कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर आहे. आमचे चिनी प्लांट हेड मायदेशी परत निघाले. आमच्या लाइनवर नवी पद्धत त्यांनीच पहिल्यांदा आणली, म्हणून निरोपाच्या भाषणात मी मोबाइलवर शोधून त्यांना 'शी-त्स्वो-योंग-झ' म्हणालो. अर्थ दिला होता 'एखाद्या गोष्टीची सुरुवात करणारा'. साहेब हसले, पण दुभाषी मुलीने मान खाली घातली. काय चुकलं? (एक वाचक, चाकण)

तुम्ही साहेबांना सगळ्यांसमोर 'या पापाचे मूळ पुरुष' म्हणालात. मोबाइलने अर्थ चुकीचा सांगितला नाही, अर्धा सांगितला.

योंग म्हणजे मेलेल्या माणसाबरोबर पुरायची बाहुली. लाकडाची किंवा मातीची, पण दिसायला हुबेहूब माणूस. कन्फ्यूशियसला ही चाल मुळीच पसंत नव्हती. 'ज्याने पहिल्यांदा योंग घडवला, त्याचा निर्वंशच व्हायचा!' असं त्याचं वचन त्याच्याच परंपरेतला पुढचा तत्त्वज्ञ मेन्शियस याच्या ग्रंथात येतं. मेन्शियस ते कुणाला ऐकवतो, तर ल्यांगच्या ह्वेई राजाला. राजाच्या मुदपाकखान्यात मांसाची रेलचेल, पागेत घोडे लठ्ठ, आणि रानावनात माणसं उपाशी मरून पडलेली. माणसासारखी दिसणारी नुसती बाहुली पुरणाऱ्याला एवढा शाप, तर जितीजागती माणसं उपाशी मारणाऱ्याला काय म्हणावं, हा त्याचा सवाल. तेव्हापासून शी-त्स्वो-योंग-झ म्हणजे वाईट चाल पाडणारा पहिला माणूस. लाचखोरीची सुरुवात कुणी केली, अफवा पहिल्यांदा कुणी उठवली, तिथे हा शब्द शोभतो. जाता जाता: 1974 साली शीआनजवळ विहीर खणताना शेतकऱ्यांना जी मातीची फौज सापडली, तिच्या चिनी नावातही हाच योंग आहे. म्हणजे कन्फ्यूशियसच्या रागाचा काही उपयोग झाला नाही.

आपल्याकडे काय वेगळं आहे? उद्या मराठी शिकणारा एखादा चिनी मुलगा शब्दकोश उघडून तुमच्या घरी येईल आणि कौतुकाने म्हणेल, 'काका, तुमच्या मुलाने परीक्षेत काय दिवे लावले!' दिवे चांगले, लावणंही चांगलं. 'उजेड पाडला', 'गुण उधळले' यांचंही तेच. यातला टोमणा एकाही सुट्या शब्दात सापडायचा नाही.

पुढच्या वेळी 'दू-शू-यी-झी' म्हणा, स्वतःचा वेगळा झेंडा रोवणारा. यात निखळ स्तुती आहे. आणि साहेबांना आता माफीचा मेल वगैरे पाठवू नका. हसले म्हणजे त्यांना तुमचा हेतू कळला. मेल गेला की त्यांना तो परत परत वाचावा लागेल, आणि उत्तरही द्यावं लागेल.

खुद्द चिनी बोलणाऱ्यांची अशी गफलत होते का, की आपणच परके म्हणून फसतो? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर)

होते, आणि राष्ट्राध्यक्षांचीसुद्धा होते. 2006 साली तैवानचे राष्ट्राध्यक्ष छन श्वेई-ब्यान स्वयंसेवकांच्या कामाचं कौतुक करताना म्हणाले की त्यांचं कार्य 'छिंग-झू-नान-शू' आहे. शब्दशः: बांबू संपतील, पण लिहून होणार नाही. कागद येण्याआधी चीनमध्ये बांबूच्या पट्ट्यांवर लिहीत, त्यामुळे वरवर पाहता ही मोठीच प्रशंसा वाटते.

पण हे बांबू कशासाठी तोडले होते, ते बघा. स्वेई घराण्याच्या अखेरीला बंडखोर सेनापती ली मी याच्या बाजूने सम्राट यांगविरुद्ध एक जाहीरनामा निघाला. त्यात म्हटलं होतं की दक्षिणेच्या डोंगरावरचे सगळे बांबू वापरले तरी याचे अपराध लिहून संपणार नाहीत, आणि पूर्वेच्या समुद्राचं पाणी सोडलं तरी याची घाण धुऊन निघणार नाही. तेराशे-चौदाशे वर्षं हे बांबू गुन्हे लिहायलाच वापरले जातात. तैवानात साहजिकच गदारोळ उठला. त्यात शिक्षणमंत्री दू झंग-शंग, जे स्वतः इतिहासकार, राष्ट्राध्यक्षांच्या मदतीला धावले. लिहावं तेवढं थोडं, असा अर्थ घ्यायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग लोकांनी मंत्र्यांनाही धारेवर धरलं. माझं मत विचाराल तर लोक बरोबर होते. सुट्या अक्षरांचा अर्थ काढून छंगयू वाचवता येत नाही.

मी चिनी भाषेच्या परीक्षेची तयारी करतो आहे. पुस्तकात काही छंगयूंपुढे 'बाओ-ई' आणि काहींपुढे 'ब्यान-ई' असं छापलेलं असतं. पाठ करतो, पण परीक्षेत गोंधळ होतो. लक्षात ठेवायची काही युक्ती? (विद्यार्थी, कोल्हापूर)

बाओ-ई म्हणजे गौरवाचा, ब्यान-ई म्हणजे निंदेचा. तिसरा गट झोंग-शिंग, मधला, म्हणजे ज्याला स्वतःचा रंग नाही असा. चिनी शिक्षक याला शब्दाचा 'भावनेचा रंग' म्हणतात. तुम्ही एकटे नाही. चीनमधल्या मुलांनाही विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत असे प्रश्न येत आले आहेत, आणि तीही तितकीच वैतागतात.

युक्ती माझी नाही, नानजिंगमधल्या माझ्या लाओशींची, म्हणजे बाईंची. त्या छंगयूखाली अर्थ लिहूच देत नसत. वहीत दोनच रकाने: 'कोण म्हणालं' आणि 'कोणाबद्दल'. आम्ही परदेशी मुलं कुरकुर करायचो, कारण त्यासाठी दरवेळी गोष्ट शोधावी लागे. पण त्या दोन रकान्यांतून रंग आपोआप कळायचा.

एक उदाहरण करून दाखवते. 'थान-ग्वान-श्यांग-छिंग': टोप्यांवरची धूळ झटकून एकमेकांचं अभिनंदन करणं. किती सोज्वळ! मूळ गोष्टही तशी निरुपद्रवी आहे. हान काळात वांग जी आणि गोंग यू हे जिवलग मित्र होते. वांगला पद मिळालं की गोंग आपली टोपी झटकून तयार, कारण आता आपल्यालाही बोलावणं येणार. पण पुढे सोंग काळात सू श्युन या निबंधकाराने ग्वान झोंग या थोर मंत्र्यावर लिहिताना हेच शब्द वापरले: तो मेला, आणि दरबारातल्या तिघा लबाडांना टोप्या झटकून आनंद करायला रान मोकळं मिळालं. झालं, टोप्या कायमच्या लबाडांच्या डोक्यावर गेल्या. आता आपला माणूस वर गेला, आपलीही सोय झाली, अशा कंपूच्या आनंदालाच हे म्हणतात. सहकाऱ्याच्या बढतीच्या केकवर लिहायचं नाही.

जोड्या लावून पाठ करणंही उपयोगी पडतं, कारण परीक्षक तिथेच पाय घालतो. 'वू-वेई-बू-झी' म्हणजे बारीकसारीक गोष्टीपर्यंत पोचणारी काळजी. आजारपणात आई घेते तशी. एकच अक्षर बदलून 'वू-स्वो-बू-झी' केलं की माणूस कुठल्याही थराला जाणारा होतो. 'दान-जिंग-ज्ये-ल्यू' म्हणजे चांगल्या कामासाठी डोकं झिजवणं, 'छू-शिन-जी-ल्यू' म्हणजे मनात बरेच दिवस डाव शिजवणं. विचार दोन्हीकडे केलेला आहे. तुमच्या मार्गदर्शकांच्या आभारात दुसरा पडला, तर पदवी लांबेल.

आपल्याकडून बौद्ध धर्म चीनमध्ये गेला. त्याबरोबर आपले वाक्प्रचारही गेले का? गेले असतील तर ते तिथे चांगल्या अर्थाने टिकले की नाही? (गृहिणी, डोंबिवली)

पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण याचं उत्तर कदाचित तुमच्या गॅलरीतच आहे.

आपण क्वचित भेटणाऱ्या माणसाला म्हणतो, 'काय, उंबराचं फूल झालात अगदी!' उंबराची फुलं फळाच्या आतच असतात, बाहेरून कुणाला दिसत नाहीत, म्हणून ते दुर्मिळपणाचं माप. बौद्ध ग्रंथांतही हेच माप आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्रात म्हटलंय की असा धर्म बुद्ध क्वचितच सांगतात, उदुंबराचं फूल कधीतरी एकदा दिसावं तसा. इ. स. 406 मध्ये कुमारजीवाने हे सूत्र चिनी भाषेत आणलं. वडील भारतीय, आई मध्य आशियातल्या कुचा राज्याची राजकन्या. चिनी वाचकाच्या कानाला गोड लागेल असं भाषांतर करण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. त्याने 'उदुंबर' उच्चाराला धरून लिहिलं, आणि चिनी सवयीप्रमाणे ते आखडत आखडत नुसतं 'थान' उरलं. थान-ह्वा, म्हणजे थानचं फूल. त्यातून छंगयू झाला 'थान-ह्वा-यी-श्येन': उंबराचं फूल एकदा दिसलं.

पण चिनी लोकांच्या मनात दुर्मिळपणा मागे पडला आणि 'दिसलं आणि गेलं' हे पुढे आलं. आज एखादा गायक एका गाण्यापुरता गाजून विझला, एखादी कंपनी दोन वर्षांत गुंडाळली, एखादं सरकार औटघटकेचं ठरलं, की वर्तमानपत्रं हा छंगयू काढतात. थोडी हळहळ, थोडी हेटाळणी. तेव्हा बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या चिनी मैत्रिणीला आपल्या लाडक्या अर्थाने हे म्हणू नका. तिला वाटेल तिचे दिवस भरले.

आणि आता तुमची गॅलरी. चीनमध्ये आज कुणाला 'थान-ह्वा दाखव' म्हटलं तर तो उंबर दाखवत नाही. रात्री उमलून सकाळी मान टाकणारं, पांढरं, मोठं, घमघमणारं जे फूल तो दाखवतो, त्याला आपण महाराष्ट्रात 'ब्रह्मकमळ' म्हणतो. मूळचं ते अमेरिका खंडातलं निवडुंग, पानाच्या कडेला कळी धरणारं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच. म्हणजे मेक्सिकोकडच्या या पाहुण्याला चिनी लोकांनी बुद्धाच्या उंबराचं नाव दिलं आणि आपण ब्रह्मदेवाच्या कमळाचं. कोथरूडला आमच्या सोसायटीत पावसाळ्यात कुणाकडे ते उमलणार असलं की निरोप फिरतात, अकराच्या सुमाराला शेजारपाजारचे मोबाइल घेऊन जमतात, एखादी आजी हळदकुंकू वाहते. चिनी ग्रूपवर नेमके असलेच फोटो येतात, फक्त हळदकुंकू नसतं.

दुसरं उदाहरण जास्त दुःखद आहे. 'थ्येन-ह्वा-ल्वान-झ्वेई', आकाशातून फुलांचा सडा. म्हणजे आपली पुष्पवृष्टीच! नानजिंगमध्ये ल्यांग घराण्याच्या वू सम्राटाच्या काळात, सहाव्या शतकात, युनग्वांग नावाच्या भिक्षूने असं प्रवचन केलं की स्वर्गातून फुलं पडली, अशी कथा आहे. ती टेकडी अजून आहे, तिचं नावच यूह्वाथाय, पुष्पवर्षावाचा ओटा. तीच फुलं म्हणून तिथे रंगीत गारगोट्या विकतात. कोरड्या असताना मळकट दिसतात, पाण्यात टाकल्या की तांबडे, पिवळे, दुधी पट्टे उघडतात, म्हणून विकणाराही त्या बशीत पाणी घालूनच मांडतो. माझ्याकडे आहेत काही, काचेच्या वाडग्यात. पाणी रोज बघावं लागतं.

पण छंगयूची दशा बघा. पुढे झेन गुरूंनी पोकळ पांडित्याला झोडपताना हीच फुलं हाताशी धरली, आणि आज फ्लॅट विकणारा एजंट थापा मारतो, त्याला म्हणतात 'थ्येन-ह्वा-ल्वान-झ्वेई' बोलतोय. आपल्या पुराणात देव अजून मनोभावे फुलं टाकतात. चीनमध्ये फुलं पडायला लागली की लोक पाकीट सांभाळतात.

एखादा चांगला शब्द कालांतराने वाईट होतो, तो कुणाच्या हुकमाने? आणि वर्तमानपत्रांत येतं की 'ताकद लपवा, संधीची वाट बघा' हे चीनचं जुनं धोरण. ते खरंच इतकं कपटी आहे का? (निवृत्त शासकीय अधिकारी, सातारा)

साहेब, हुकूम क्वचित निघतो, पण एकदा जवळजवळ निघाला. प्राचीन काव्यसंग्रहात झोंग शानफू नावाच्या मंत्र्याची स्तुती आहे: तो जाणता आणि शहाणा, म्हणून स्वतःला सांभाळून असतो. त्यातून आला 'मिंग-झ-बाओ-शन'. शतकानुशतकं हा सद्गुण होता. सप्टेंबर 1937 मध्ये माओने पक्षातल्या ढिलाईवर एक टिपण लिहिलं आणि त्यात दोषांच्या यादीत हा छंगयू घातला: चूक दिसते तरी गप्प बसतात, स्वतःची कातडी वाचवतात, आपल्यावर ठपका येऊ नये एवढंच बघतात. ते टिपण पिढ्यान्‌पिढ्या वाचून घेतलं गेलं. आज हा छंगयू सरळसरळ निंदेचा आहे. फायलीवर 'चर्चा करावी' एवढंच लिहून ती पुढे ढकलणारे आपण दोघांनीही पाहिले असतील.

उलटही होतं. 'यू-गोंग-यी-शान' या कथेतल्या म्हाताऱ्याचं नावच 'मूर्खबाबा'. घरासमोरचे दोन डोंगर तो कुदळीने हटवायला निघतो. आपल्याकडे अशा माणसाचं हसं झालं असतं, पण तिथे तो चिकाटीचा आदर्श आहे. माओने 1945 च्या पक्षमेळाव्यात त्याचीच गोष्ट सांगितली. त्याआधी 1940 मध्ये चित्रकार श्यू बेईहोंग यांनी त्यावर प्रचंड चित्र काढलं, तेही भारतात. रवींद्रनाथांच्या आमंत्रणावरून ते शांतिनिकेतनात आले होते, आणि चित्रातल्या डोंगर फोडणाऱ्या उघड्या गड्यांसाठी त्यांनी भारतीय माणसं समोर उभी केली होती.

आणि काही वेळा नुसती थट्टा पुरते. त्याच प्राचीन संग्रहात नव्या नवरीच्या गाण्यात 'पीच कसं बहरलंय' अशी ओळ आहे, 'थाओ-झी-याओ-याओ'. पीचला 'थाओ', पळून जाण्यालाही 'थाओ'. कुणीतरी अक्षर बदललं आणि नवरीच्या गाण्याचं 'पोबारा केला' झालं.

दुसरा प्रश्न 'थाओ-ग्वांग-यांग-ह्वेई'चा. शब्दशः तेज झाकावं, अंधारात मुरावं. दिवस वाईट असताना विद्वानाने दिमाख न मिरवता गप्प राहावं, ही त्याची जुनी छटा. 1989 नंतरच्या अडचणीच्या काळात चीनचे नेते दंग श्याओफिंग यांच्या धोरणाला हे नाव चिकटलं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अहवालांत त्याचं 'क्षमता लपवा आणि वेळेची वाट बघा' असं भाषांतर झालं, आणि आपल्या वर्तमानपत्रांनी ते तिथून उचललं. चिनी अभ्यासक तक्रार करतात की आमच्या विनयाला तुम्ही कट बनवलंत. तक्रार अर्धीच खरी आहे. कारण त्यांच्याच भाषेत 'वो-शिन-छांग-दान'ही गौरवाचा आहे: युएच्या गोउज्येन राजाने हरल्यावर सरपणावर झोपून, कडू पित्त चाटून अपमान जागा ठेवला आणि पुढे वू राज्य बुडवलं. थांबणं आणि मग उलटणं, दोन्ही तिथे मानाचं. आपणही पुरंदरच्या तहात 23 किल्ले दिले त्याला कपट म्हणत नाही, धोरण म्हणतो. शेजारी तेच करतो तेव्हा शब्द बदलतो.

माझ्या कुत्र्याच्या फोटोखाली चिनी छंगयू टाकायचा आहे. कुत्रा असलेला एखादा छानसा सुचवा. (पनवेल)

नाही सुचवत. लांडग्याचं काळीज आणि कुत्र्याचं फुप्फुस, कोल्ह्या-कुत्र्यांची मैत्री, मालकाच्या जोरावर भुंकणारा कुत्रा. जवळपास सगळे शिव्यांतच जमा. एका सरदाराला कुत्र्याच्या चालीने चोरी करणाऱ्या आणि कोंबड्यासारखा आरवणाऱ्या आश्रितांनी मरणातून सोडवलं, तरी 'जी-मिंग-गोउ-दाओ' म्हणजे भुरट्या कसबाचे लोक असाच अर्थ राहिला. तुम्ही 'वांग-वांग' लिहा. चिनी कुत्रे असंच भुंकतात, आणि जवळच्याच उच्चाराचा अर्थ भरभराट. कुत्र्याच्या वर्षात शुभेच्छापत्रांवर हेच असतं.

आमचा मुलगा सिंगापूरला असतो, सून चिनी आहे. तिचे आईवडील पहिल्यांदाच नाशिकला आमच्या घरी येत आहेत. स्वागताला त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलायचे आहेत. चूक नको व्हायला. (नाशिक)

ताई, अभिनंदन. तुम्ही 'फंग-बी-शंग-ह्वेई' म्हणा. गवताकाडीचं माझं झोपडं तुमच्या पायांनी उजळलं, असा अर्थ. आपण 'गरिबाच्या घरी पायधूळ झाडलीत' म्हणतो, तेच. घरी चार खोल्या आणि दारात गाडी असली तरी चालतं.

फक्त एक पथ्य पाळा. हा शब्द यजमानाने स्वतःच्या घराबद्दलच म्हणायचा. पुढच्या वर्षी तुम्ही त्यांच्याकडे जाल तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यात उभं राहून म्हणालात, तर त्यांच्या घराला झोपडी म्हटल्यासारखं होईल. 'फाओ-झ्वान-यिन-यू'चंही तसंच: 'मी वीट टाकतो, तुमच्याकडून जेड येऊ दे' हे स्वतःच्या बोलण्याबद्दल म्हणायचं. व्याह्यांनी दोन शब्द बोलून झाल्यावर तुमचे यजमान 'छान वीट टाकलीत' म्हणाले, तर संपलं. त्यांना आधीच सांगून ठेवा. मदतीचे आभार मानायचे झाल्यास 'दिंग-ली-श्यांग-झू', मोठ्या ताकदीचा हातभार, हे नेहमी समोरच्याच्या मदतीबद्दल; 'मी तुम्हाला दिंग-ली मदत करीन' म्हणणं म्हणजे स्वतःचीच आरती.

उच्चार सुनेकडून फोनवर पक्का करून घ्या, तिलाही बरं वाटेल. आणि जेवायला बसल्यावर छंगयू नकोतच. वाढून झालं की 'मान-मान-छी' म्हणा. सावकाश होऊ द्या.